भामरागडचा विंडोजवाला

मूल गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात एक तरुण लॅपटॉपकडे डोळे वटारून बसला होता. "कोन्या शहाण्यानं बनवलं हे गोंडी शब्दकोशाचं सॉफ्टवेअर? उघडलं का मरते!"

प्रिंट घ्यायला आलेल्या रंजीताचे कान तापले. "मीच ती शहाणी," ती म्हणाली. "माह्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर तर चांगलं चालते."

"माह्या शाळेत विंडोज आहे, बाई. तुमचं लिनक्स भामरागडले कोन आणून देईन? तुम्ही येता का घेऊन?"

असं म्हणून तो जो हसला... रंजीताचा राग कुठल्या कुठे पळाला. मेला, दिसायलाही बरा होता!

तो अश्वजित, भामरागडच्या शाळेतला मास्तर. रंजीताचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे फुकट, आणि कुणीही उघडून दुरुस्त करावं असं. चार गावचे हौशी लोक त्यावर काम करत. त्यात आता अश्वजितही आला. तिनं लिनक्सवर काही बदललं की तो विंडोजवर चालवून बघायचा आणि फोन करायचा.

"आज पास झाल्या तुम्ही."

"आन् नापास झाली असती तर?"

"मंग उद्या पुन्हा फोन करा लागला असता... नापासच होत जा ना!"

ती फोन ठेवायची आणि उगाचच आरशात बघायची.

ऑगस्टात भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं. रस्ता बंद, नेटवर्क बंद, अश्वजितचा फोन बंद. आधी तिला वाटलं, होईल सुरू. मग मात्र तिचा जीव टांगणीला लागला. शाळा नदीकाठची, आणि पोरांना मागे ठेवून आधी स्वतः निघणाऱ्यातला तो नव्हे! घास तोंडात फिरू लागला. आईनं विचारलं की ती म्हणायची, पित्त झालंय.

अशात सॉफ्टवेअरवर सोबत काम करणाऱ्या गुलाबचा नागपूरहून फोन आला. "ताई, नवीन आवृत्ती अडकली आहे. विंडोजवर तपासणारा तर आता कोनी नाई. काढून टाकू का त्यातून विंडोज?"

त्या 'आता'नं तिच्या काळजात चर्र झालं.

"काऊन नाई? आहे ना तो!" ती ओरडलीच. "येईन तो. तोवर विंडोजले कोनी हात लावाचा नाई."

तिनं फोन ठेवला. विंडोज काढणं म्हणजे तो नाही हे आपल्या हातानं लिहून देणं. ते तिच्यानं होणार नव्हतं.

पाणी उतरल्यावर एका दुपारी दाराची कडी वाजली. दारात अश्वजित उभा — दाढी वाढलेली, पायांना चिखल, हात रिकामे.

"पोरं बरी आहेत," तो म्हणाला. "कॉम्प्युटर सारे पाण्यात गेले. माहा लॅपटॉपबी."

"आन् फोन? एक फोन करता येत नव्हता?"

"नेटवर्क कालच आलं. पन भेव वाटलं..." त्यानं मान खाली घातली. "तपासाले काहीच नाई उरलं माह्याजवळ. मंग तुम्ही माह्याशी काऊन बोलान?"

"अरे वेड्या! मले वाटलं, तूच गेला..." तिनं त्याचा हात घट्ट धरला. "मले विंडोजवाला नाई पाह्यजे, अश्वजित. तू पाह्यजे."

आतून आईची हाक आली, "कोन आलं वं?"

अश्वजितनं घाबरून हात ओढला. पण रंजीतानं काही तो सोडला नाही.

"आई, बाहेर ये," ती म्हणाली. "तुले कोनाले तरी भेटवाचं आहे."