डावा अंगठा

"खोकी जिन्यात नका ठेवू, वर आणा!" बाईंनी फर्मावलं आणि तो माणूस निमूटपणे दोन मजले चढला. बाईंचं वय लहान, पण आवाज मुख्याध्यापकांचा. त्यांच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत त्या दिवशी श्रवणयंत्रं आली होती. खोकी वाहणारा हमाल नव्हता, यंत्रं देणारा देणगीदार होता, हे बाईंना त्याला साधं पाणीही न विचारता पिटाळल्यावर कळलं. पैसे लावून पत्त्यांचा पोकर खेळणं हाच त्याचा धंदा, आणि जिंकेल त्यातला वाटा शाळेला.

"म्हणजे जुगारी!" घरी हे ऐकून बाईंच्या आईनं कपाळावर हात मारला.

"आणि चेहरा अगदी दगड गं! खूश आहे की रागावलाय, काही म्हणता काही कळत नाही."

पण पुढची खोकीही तो स्वतःच घेऊन आला... त्यापुढचीही. बाई उगाचच जिन्यात रेंगाळू लागल्या. हा शाळेसाठी येतो, की— छे! नुसत्या नजरेवरून मुलांच्या मनातलं ओळखणाऱ्या बाई या एका चेहऱ्यापुढे मात्र हात टेकत.

मग शाळेच्या मदतीसाठी तिकीट लावून पोकरची संध्याकाळ ठरली. डावावर पैशांऐवजी शर्टाची बटणं. बाईंना नियम त्यानंच शिकवले, आणि बाईंनी त्यालाच धुऊन काढलं. त्याच्याकडे चांगली पानं आली की त्या डाव सोडत, पानं वाईट असताना तो थापा मारू लागला की ठाण मांडून बसत.

खेळ संपल्यावर त्यानं त्यांना जिन्यात गाठलं. "कसं ओळखलंत?"

"तुमचा डावा अंगठा. पानं चांगली आली की तो बोटावर घासायला लागतो. आमची मुलं हातांनी बोलतात हो, आमचं लक्ष आधी हातांकडेच जातं."

"कुणाला सांगू नका! महिन्याभरात मोठी स्पर्धा आहे. माझं पोट, मुलांची यंत्रं, सगळं त्यावर आहे."

"नाही सांगणार. पण..." बाईंची नजर त्याच्या अंगठ्याकडे गेली; तो आत्ताही घासत होता. "आत्ता कुठे पत्ते आहेत हातात?"

त्यानं हात झटकन पाठीमागे नेला.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"खोकी वर आणा म्हणालात ना... तेव्हापासून."

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"तोंडाला सवयच नाही हो."

बाईंना हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. त्यांनी एक बटण त्याच्या डाव्या हातात ठेवलं. "हे धरून खेळ. अंगठ्याला काम मिळेल."

स्पर्धा जिंकून तो थेट बाईंच्या घरी आला. आईनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"माझ्या लेकीवर खरंच जीव आहे तुमचा?"

"हो." चेहरा दगड.

"वाटत तर नाही बाई!"

"आई, चेहरा राहू दे, हाताकडे बघ," बाई म्हणाल्या. "आणि तू रे, ते बटण खाली ठेव आधी."

त्यानं बटण टेबलावर ठेवलं. आई त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली, मग पदराआड हसू लपवत उठली. "पुरे रे बाबा, साल निघेल! बस, चहा टाकते."