दोरीला उत्तर

दोरी ताठ होती.

"बस, सुरुवातीला एवढंच बिनसलं होतं," फाटकाचे म्हातारे राखणदार दोस्मुखान अताय म्हणाले आणि चहात दूध ओतू लागले. बाहेर अंधार पडून बराच वेळ झाला होता. रस्त्यावरचं फाटक खाली होतं, त्यामागे मालट्रकांची रांग लागली होती, आणि तीन तरुण ड्रायव्हर फाटकाच्या चौकीत शेगडीकडे पाय करून बसले होते.

"कुठली तरी दोरी ताठ होती म्हणून आम्हाला अडवलंय होय?" मिरास म्हणाला. तिघांत तोंडाळ तोच. "रस्ता कोरडा ठणठणीत आहे, अताय. हवं तर चाटून दाखवतो."

"चाट की. जीभ चिकटली तर सोडवायला मला हाक मारू नकोस." अतायनी पेला त्याच्यापुढे सरकवला. "वर वेधशाळेत एक पोरगी आहे. ती म्हणाली खाली, की फाटक खाली. मग मंत्र्याचा फोन येऊ दे नाहीतर तुझ्या मालकाचा. का, ते सांगतो. तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे, माझ्या पदरचं एक अक्षर नाही. आणि तो हातमोजा खिळ्यावरून काढू नकोस, तिनेच इथे ठेवायला दिलाय. त्याला जोडीदार नाही."

वायरलेसच्या वर एकच हातमोजा टांगलेला होता. उंटाच्या लोकरीचा, जाड, मनगटाशी लाल धागा. मिरासने हात मागे घेतला.

तर, तेरा जानेवारीची रात्र. जुन्या पंचांगातल्या नववर्षाची. लोक घराघरांत जेवायला बसायच्या तयारीत होते, आणि उल्दाना टेकडीवरच्या वेधशाळेत एकटी होती. तिचा तिथला पहिला हिवाळा. अल्माटीच्या कॉलेजात ढग, वारे, हवेचा दाब असं सगळं शिकून आलेली, पण भित्री अशी की शेगडीत कोळसा तडकला तरी उडायची. तिच्यासोबत तिथे रौशान आपा असत. त्यांचे केस त्याच वेधशाळेत पांढरे झालेले. त्या बिचाऱ्या उल्दानाच्या खोलीत शिरण्याआधी दाराबाहेर उभ्या राहून खोकायच्या, पोरगी दचकू नये म्हणून.

आपा गावाला गेल्या होत्या, नातीला पाळण्यात घालायच्या समारंभाला. दुपारी फोन आला. "संध्याकाळच्या बसने निघतेय गं. बाउर्साक आणतेय तळलेले. रस्त्यात मीच संपवले नाहीत तर तुला."

"आपा, हवा विचित्र आहे. काल उणे अठ्ठावीस होतं, आज उणे दोनवर आलंय."

"मग बरंच आहे की. म्हाताऱ्या हाडांना तेवढीच ऊब."

घराच्या दारापासून यंत्रांच्या आवारापर्यंत एक दोरी बांधलेली होती, खांबाखांबावरच्या लोखंडी कड्यांतून ओवून. हिमवादळात समोरचा हात दिसत नाही, तेव्हा ती धरून जायचं नि ती धरूनच परत यायचं. तिकडे पोचलं की दोन हिसके द्यायचे. दोरीचं आतलं टोक भिंतीतल्या कडीला बांधलेलं, त्यामुळे कडी लाकडावर वाजायची, टक टक. घरातल्या माणसाने लगेच दोन हिसके उलट द्यायचे. म्हणजे कळलं, मी आहे. आता सगळी यंत्रं आपोआप आकडे पाठवतात, तरी आपांनी दोरी काढू दिली नव्हती. उल्दाना आली त्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "कडी वाजली की उत्तर द्यायचं. वाऱ्याने वाजली तरी."

"वाऱ्याला उत्तर द्यायचं?"

"द्यायचं," आपा म्हणाल्या होत्या, आणि तिच्यासाठी विणत असलेल्या हातमोज्यात लाल धागा घालू लागल्या होत्या.

का, ते त्यांनी सांगितलं नाही. ते उल्दानाला दूधवाल्याकडून कळलं. आपांचा नवरा येर्गाझी तिथेच कामाला होता. अशाच एका संध्याकाळी तो एरियलवरचा बर्फ झाडायला गेला. आपा आत वायरलेसवर होत्या, रस्त्यावरच्या गाड्या थांबवत होत्या. कडी वाजली. त्यांना हातातलं बोलणं टाकून उठता आलं नाही. उठल्या तेव्हा दोरी सैल होती. बर्फ वितळल्यावरसुद्धा येर्गाझी सापडला नाही.

तर त्या संध्याकाळी उल्दाना नोंद घ्यायला बाहेर पडली, आणि एरवी झोळीसारखी लोंबणारी दोरी ताठ होती.

ओली झाली की दोरी आखडते, तिने स्वतःला समजावलं. हे कॉलेजात शिकवलेलं नव्हतं, पण कॉलेजात शिकवल्यासारखं वाटत होतं, म्हणून जरा बरं वाटलं. आवारात बर्फ मोजायची तार असते, दोन खुंट्यांमध्ये ताणलेली. सकाळी ती उघडी होती. आता तिच्यावर बोटाएवढी जाड बर्फाची काच चढली होती. वरून पाऊस पडत होता, अगदी बारीक, गुपचूप. थेंब टेकला की तिथेच काच. धुकं इतकं दाट की कंदिलाचा उजेड तिच्या पायांपाशीच थकून बसत होता.

ती धावत आत आली आणि जिल्ह्याच्या केंद्राला फोन लावला. ड्यूटीवर बेकेत नावाचा अधिकारी होता.

"गोठणारा पाऊस पडतोय. आयदारलीचा उतार बंद करा. संध्याकाळची बस यायचीय."

"बाई, माझ्यासमोर तुमचेच आकडे आहेत," बेकेत काहीतरी चघळत म्हणाला. "कुठे कुठे धुकं, हलका बर्फ. अंदाज तोच गेलाय. रेडिओवर वाचून झालाय."

"यंत्रावर बर्फ चढलाय, म्हणून ते तसं सांगतंय. मी तार बघितली. माझ्या डोळ्यांनी."

"डोळे. बरं. एकट्या आहात ना तिथे? घाबरू नका. चहा घ्या. सणाच्या रात्री रस्ता बंद केला तर लोक मला शिव्या घालतील."

टक टक.

भिंतीतली कडी वाजली. उल्दानाचा हात फोनवर घट्ट झाला.

"हॅलो? आहात का?"

"आहे," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि कापतोय याचा तिला राग आला. "मी घाबरलेली आहे, साहेब. मी रोजच घाबरलेली असते. त्याचा पावसाशी काही संबंध नाही. तुम्ही बंद करत नसाल तर मी फाटकाला सांगते."

"तुम्हाला तसा अधिकार नाही."

"मग उद्या माझी तक्रार करा. नाव लिहून घ्या. उल्दाना..."

फोन बंद पडला. बाहेर दूरवर काहीतरी लांबलचक तुटल्यासारखा आवाज झाला. बर्फाच्या ओझ्याने तारा गेल्या होत्या.

मोबाइलला त्या टेकडीवर कधीच रेंज नव्हती. राहिला वायरलेस. फाटक उताराच्या माथ्यावर आहे, बस तिथे चहाला थांबते आणि मग उतार उतरते. ती उताराला लागायच्या आत निरोप पोचायला हवा होता. तिने बटण दाबलं. "वेधशाळा बोलतेय. फाटक, उत्तर द्या." नुसती खरखर. पुन्हा. खरखरसुद्धा लांबून आल्यासारखी, जाड पांघरुणातून आल्यासारखी. एरियल. त्याच्यावरही काच चढली असणार. आणि एरियल होतं आवारात, दोरीच्या दुसऱ्या टोकाला.

टक टक.

"वारा," उल्दाना मोठ्याने म्हणाली.

वारा नव्हताच. त्या धुक्यात पान हललं नसतं.

(इथे मिरास काहीतरी म्हणणार होता. अतायनी नुसतं बघितलं. त्याने पेला तोंडाला लावला.)

ती किती वेळ त्या कडीकडे बघत उभी होती, तिला आठवत नाही. मग तिच्या डोळ्यांसमोर बस आली. खिडकीला डोकं टेकून पेंगणाऱ्या आपा, मांडीवर बाउर्साकची पुरचुंडी. उल्दानाने हातमोजे चढवले, लाकडी हातोडा उचलला आणि दार उघडलं. रडत होती. रडतच निघाली.

बाहेर काही दिसत नव्हतं. पावसाने कंदील लगेच विझला. तिने दोरी धरली.

दोरीवर काच होती. हाताखाली ती कुरकुर मोडत होती. एक खांब गेला. दुसरा. मग हाताला वेगळं लागलं. दोरी इथे कोरडी होती. काच नव्हतीच. मुठीएवढ्या जागेत... आणि पुढे पुन्हा काच. पुन्हा मुठीएवढी कोरडी जागा.

कुणीतरी पुढे धरत गेल्यासारखी.

ती थांबली.

दोरी हलली. हळूच. पुढून.

"ओढा," उल्दाना म्हणाली. दात वाजत होते. "ओढा किती ओढायचं ते. मी परत फिरणार नाही. खाली बस येतेय. माझं काम झाल्याशिवाय मला न्यायचं नाही, सांगून ठेवते."

समोर नुसतं धुकं.

ती पुढे गेली. हातांनी चाचपत. शेवटचा खांब. एरियलचा लोखंडी दांडा. तिने हातोडा मारला. मारत राहिली. काच खळाखळा कोसळत होती, तिच्या खांद्यावर, तोंडावर, आणि ती भीतीने की रागाने, प्रत्येक घावाला ओरडत होती. दांडा मोकळा झाला. हातोडा खाली पडला.

मग शांत.

खूपच शांत.

तिने परतीसाठी दोरी चाचपली. दोरी शेवटच्या खांबाला संपते. गाठ असते तिथे. आपांनी स्वतः मारलेली गाठ.

गाठ नव्हती.

दोरी कड्यातून पलीकडे गेलेली होती. पुढे. जिथे खांब नाहीत. काहीच नाही. नुसतं माळरान... आणि ती ताठ होती.

दोन हिसके.

तिच्या हातात. अगदी जवळून.

उल्दानाला पळून जावंसं वाटलं. मग तिच्या मनात एकच गोष्ट आली, आणि ती कॉलेजातली नव्हती. कडी वाजली की उत्तर द्यायचं.

तिने दोन्ही हातांनी दोरी धरली. एक हिसका. दुसरा.

"कळलं," ती म्हणाली. "येर्गाझी आगा... ऐकलं. मी आहे इथे. आपा येतायत. त्यांना मी थांबवते. तुम्ही आता पुरे करा."

काही झालं नाही.

मग दोरी सैल पडली. एकदम. कुणी मूठ उघडावी तशी.

तिने ती ओढून घेतली. का, ते विचारू नका, तिलाही माहीत नाही. ओढताना टोकाला काहीतरी हलकंसं अडकलेलं लागलं. अंधारात बघायची हिंमत नव्हती. ते तसंच छातीशी धरून ती परत फिरली, खांबाला खांब, काचेवरून घसरत, एकदा गुडघ्यावर पडून, शेवटी दार... उजेड... शेगडी.

टोकाला हातमोजा होता. उंटाच्या लोकरीचा. बोटं दोरीभोवती वळलेली, मुठीसारखी. मनगटाशी लाल धागा.

तिने स्वतःचे हात बघितले. तिचे दोन्ही हातमोजे हातातच होते.

तिने मूठ सोडवली. आत बोट घातलं. आतून तो कोरडा होता. आणि ऊबदार.

उल्दानाने तो वायरलेसशेजारी ठेवला. दचकली नाही. दचकायला वेळ नव्हता. तिने बटण दाबलं.

"वेधशाळा बोलतेय. फाटक, उत्तर द्या. आयदारलीचा उतार काच झालाय. बस सोडू नका. कुणाचाही हुकूम असला तरी सोडू नका. मी सांगतेय, माझ्या जबाबदारीवर. उत्तर द्या."

खरखर. पण आता जवळची, मोकळी.

"उत्तर द्या. मी इथनं हलणार नाही. रात्रभर बोलत राहीन. उत्तर द्या."

खरखर.

टेबलावरच्या हातमोज्यातून बारीक वाफ निघत होती.

"फाटक..."

खरखर थांबली. कुणीतरी घसा खाकरला.

"फाटकावरनं दोस्मुखान बोलतोय. बस चहा पिऊन निघतेच आहे, ड्रायव्हर माझ्यासमोर उभाय. बोल पोरी. ऐकतोय."