सुधाकरदादाने खुडलेल्या कळ्या

मी रोज बातम्या लिहितो. पडताळल्याशिवाय एक ओळही पुढे पाठवत नाही.

ही घटना पडताळायची गरज नाही. मी तिथे उभा होतो.

यंदाच्या रंगपंचमीचा दुसरा दिवस. बुऱ्हाणपूर, लोधीपुरा. माझा थोरला भाऊ सुधाकर याचं घर.

कुसुमवहिनी पौषात गेली. तिचं एकच मागणं होतं. सवाष्ण म्हणून जाताना केसांत बाजारचा गजरा नको. अंगणातला मोगरा हवा, दोऱ्यात नाही, केळीच्या सोपटात गुंफलेला. ती स्वतः गुंफायची तसा.

भर थंडीत मोगरा कुठला?

दादा तिला म्हणाला, "मग मोगरा फुलेपर्यंत थांब. तोवर जायचं नाही."

त्याच रात्री ती गेली. बाजारचाच गजरा घालावा लागला.

पण ती थांबली...

सकाळी अंगणातला नळ आपोआप सुरू व्हायचा. मोगऱ्याचं आळं ओलं दिसायचं. बांगड्या वाजायच्या... अंगणात कुणी नसायचं.

पुतणी प्राजक्ताने मला फोन केला. "काका, मम्मी घरातच आहे. पप्पा रोज कळ्या खुडून फेकता. म्हणता, फुलला की ती जाईल."

त्या दिवशी दादाला समजवायला गेलो, की असं काही नसतं. तो हसला. म्हणाला, "छाप ना मग. पहिल्या पानावर छाप."

झाडावर एक कळी नव्हती. मी नीट पाहिलं.

दुपार कलली आणि अवकाळी पाऊस आला. वीज गेली. सर थांबली तसा वास आला...

मोगरा फुलला होता. पानं दिसत नव्हती, इतका.

दादा धावला. दोन्ही हातांनी फुलं ओरबाडू लागला. मीही तोडत होतो. जिथून तोडावं, तिथेच दुसरं फूल.

शेवटी आमचे हात थकले.

मग बांगड्या वाजल्या... आम्हा दोघांच्या मधून.

"कुसुम, नको ना जाऊ," दादा हळूच म्हणाला.

आवाज घराकडे गेला. पाहतो तर झाड रिकामं. आम्ही तोडलेली फुलंही नाहीत. चिखलात एक पाकळी नाही.

आत प्राजक्ता पाटावर बसली होती. केस विंचरलेले. वेणीत गजरा, केळीच्या सोपटात गुंफलेला.

"मम्मीने घातला," ती म्हणाली. "अर्धा तिने घेतला. बोलली, पुढच्या बहराला तुला न्यायला येते."

दादाने त्याच संध्याकाळी झाड मुळासकट उपटलं. मी प्राजक्ताला नदीपलीकडे, जैनाबादला, माझ्या घरी आणलं. माझ्या अंगणात मोगरा नाही. मुद्दाम पाहून घेतलं.

आज पुन्हा ढग आलेत.

प्राजक्ता ओट्यावर बसून केळीचं सोपट पाण्यात भिजवते आहे. मी दोनदा काढून घेतलं. तिने दुसरं आणलं.

पहिले थेंब पडू लागलेत...

आणि वास यायला लागला आहे.