ओठांवरचे ठिपके

"काय पाहून राह्यले हो मघापासून?"

चंद्रपूरच्या दवाखान्यात सकाळच्या रांगेत उभी असलेली करिश्मा एकदम कडाडली. समोरचा निळ्या गणवेशातला तरुण दचकून दोन पावलं मागं सरला. पण त्याची नजर... ती अजून तिच्या ओठांवरच होती.

"बाई, ते... तुमच्या ओठावरचे ठिपके—"

"घरी आई-बहीण नाई का?"

"आई आहे ना," तो गडबडला. "पन हे ठिपके लहानपनापासून आहेत का?"

रांगेत खसखस पिकली. करिश्माच्या कानशिलांची आग झाली. सिंदेवाहीहून पहाटेच्या बसने ती आली होती, नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन. पोटात कळ उठली की रोशनी चटईवर दुमडून पडायची. अंगात रक्त एवढं कमी की तळहात पांढरेफटक. आणि हा मेला इथं ओठ बघतोय!

तिचा हात उठणार, तेवढ्यात तो रोशनीसमोर खाली बसला. तिच्याही खालच्या ओठावर तसेच बारीक, काळपट ठिपके होते.

"पोट दुखते का तुहं?"

"लय दुखते," रोशनी म्हणाली.

त्याने वर पाहिलं. "घरात आनखी कोनाले होतं असं?"

"माह्या भावाले, खुशालले. हिच्या बापाले." करिश्माचा आवाज अजून धारदारच होता. "अठ्ठावीस वर्षांचा होता. आतड्यात आतडं अडकलं. दवाखान्यात नेईस्तोवर संपला."

तो उठून उभा राहिला. "चला माह्यासोबत."

त्याचं नाव धम्मदीप. दुर्बिणीने आतडी तपासतात त्या खोलीत तो तंत्रज्ञ होता. त्याने दोघींना डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं. बाईंनी समजावून सांगितलं. आजार घराण्यातून उतरणारा. आतड्यात मांसाच्या गाठी वाढतात, त्यांना पॉलिप म्हणतात. त्यातून रक्त झिरपतं, आणि गाठ मोठी झाली की तिला ओढता ओढता आतडं आतड्यातच घुसतं. ओठांवरचे ठिपके ही त्याची खूण. आजार मुळापासून जात नाही. पण लहानपणापासून दर काही वर्षांनी तपासायचं, गाठी वेळेत काढायच्या... मग मूल शाळेत जातं, खेळतं, मोठं होतं.

करिश्मा रडली नाही. ती उसळलीच.

"सात वर्षं खुशालले जंताच्या गोळ्या देल्या! गावोगावचे डॉक्टर झाले. एकानं तरी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं का नीट?"

बाहेर व्हरांड्यात धम्मदीपने पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने हिसडा दिला, पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं. तो निमूट गेला, दुसरा ग्लास भरून आणला. तो मात्र ती प्यायली.

पुढच्या आठवड्यात रोशनीची दुर्बीण ठरली. आदल्या दिवशी दवाखान्यातच पोट साफ करणारं खारट औषध प्यायचं होतं, पोरगी काही केल्या तोंड उघडेना.

"एक ग्लास तू, एक मी," धम्मदीप म्हणाला. आणि खरंच प्यायला!

दुपारभर त्याची जी धावपळ झाली, ती पाहून रोशनी पोट धरून हसली. करिश्माही हसली... मग हसल्याचाच तिला राग आला.

रोशनीच्या दोन मोठ्या गाठी निघाल्या. हळूहळू पोरीच्या गालांवर रंग चढला. धम्मदीपचे फोन येऊ लागले. आधी रोशनीच्या गोळ्यांची चौकशी, मग 'जेवल्या का', मग नुसताच श्वास आणि...

"काऊन फोन केला?"

"असाच."

"मंग ठेवा," ती म्हणायची. ठेवायची मात्र नाही.

एप्रिलच्या रणरणत्या दुपारी तो सिंदेवाहीला आला. भात संशोधन केंद्रात ती रोजंदारीवर बियाणं निवडायची. सुट्टी होताच तो फाटकापाशी उभा.

"आता तुमची तपासनी. तीन महिने झाले, टाळूनच राह्यल्या."

"मले काई नाई झालं."

"पोट दुखते. रोशनीनं सांगितलं."

"दया करून राह्यले ना माह्यावर?" ती भडकली. "पहिल्या दिवशी तुम्ही माहा रोग पाह्यला. मले नाई!"

"हो!" आता त्याचाही आवाज चढला. "पहिल्या दिवशी रोग पाह्यला. दुसऱ्या दिवसापासून ओठच दिसून राह्यले. काय करू मंग?"

वाऱ्यावर कुठूनसा मोहफुलांचा वास आला. करिश्माने ओढणी तोंडावर ओढली.

"अन् लेकरं?" ती तुटकपणे म्हणाली. "निम्म्या लेकरांत उतरू शकते हे."

"लेकरांपर्यंत पोहोचल्या तुम्ही? मी तर अजून च्या प्यालेबी विचारलं नाई!"

तिला वाटलं, जमिनीने फाटून आत घ्यावं. धम्मदीप मात्र हसला नाही.

"त्या लेकराकडं कोनी तरी पाहीन ना, करिश्माबाई. पहिल्या दिवसापासून. खुशालभाऊकडं कोनीच पाह्यलं नाई."

ती तडक निघून गेली. सोमवारी मात्र पहिल्या बसने चंद्रपूरला आली. रोशनीची आई, वहिनी मनकर्णा, तिच्याजवळ घरीच थांबली होती.

परिचारिकेने फॉर्म पुढे ओढला. "सोबत कोन आहे? नाव, नातं?"

"धम्मदीप खोब्रागडे."

"आपला धम्मदीप? अन् नातं?"

करिश्मा चिडूनच म्हणाली, "होनारा नवरा, लिहा. त्याले म्या सांगितलं नाई अजून."

शेजारच्या टेबलावर ग्लासात औषध ओतणारा धम्मदीप ओततच राहिला. ग्लास भरून औषध टेबलभर पसरलं.

दुसऱ्या दिवशी गुंगी उतरली तेव्हा तो पलंगाशेजारी स्टुलावर बसला होता. डोळे लाल.

"किती?" तिने विचारलं.

"तीन होत्या. तिन्ही काढल्या. आता दोन वर्षांनी पाहू म्हनल्या बाई."

"अन् तो फॉर्म?"

"सही केली म्या. तुम्ही सांगितलेलं नातं... तसंच ठेवलं."

करिश्माने कपाळाला आठ्या घातल्या. तिचा हात चादरीवरून सरकत त्याच्या हातावर आला.

"मंग अजून 'तुम्ही' काऊन म्हनून राह्यला रे?"