खिडकीपलीकडचा आवाज

भिवंडीत आवाजाची भीती कुणालाच नाही, भीती वाटते ती शांततेची. नारपोलीत तर कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट भिंतींतून, बाकांतून, पिण्याच्या माठातूनसुद्धा येतो. पण ते दोन हजार सहा साल होतं. भारनियमनाची वेळ झाली की सगळे लूम एकदम थांबायचे, आणि कानांत कुणी बोळे कोंबल्यासारखं व्हायचं.

तशाच एका दुपारी शाळा सुटल्यावर मनाली दहावीच्या रिकाम्या वर्गात फळा पुसत होती. जवळच्या राहनाळची पोर, नवीकोरी शिक्षणसेविका, भूमिती शिकवायची. वीज गेली... आणि खिडकीबाहेरून एक सपाट, चढ नाही उतार नाही असा आवाज आला.

"इकडे बघा. झोपेत त्रिकोण काढू नका रे. आता समजा, ही बाजू..."

तिच्या हातातलं डस्टर जागच्या जागी थांबलं. हा तिचाच सकाळचा तास होता. तिचे शब्द, तिची थट्टा. आवाज मध्येच तुटायचा, जरा वेळ काहीच नाही, मग पुन्हा सुरू. आणि सगळ्यात शेवटी —

"कंटाळा आला बाई. कुठंतरी पळून जावं."

हे तर ती बोललीच नव्हती. तास संपल्यावर खिडकीशी उभं राहून तिने नुसते ओठ हलवले होते.

दारात शाळेची शिपाईण जानकीबाई झाडू धरून उभी होती, चेहरा पांढराफटक. "ऐकलंत ना बाई तुमी पन? त्यो हितेश हाय. तापात कान गेलं, म्हून मोठ्या सरांनी पाचवीतनं काढला व्हता त्याला. मंग कुनाला दिसलाच न्हाय. गेला आसंल... पन जीव शालंतच अडकलाय त्याचा."

आता अशी गोष्ट काय लपून राहते होय? पोरं खिडकीकडे बघेनात. मोठे सर वैतागले आणि म्हणाले, "शुक्रवारी ती खिडकीच विटांनी बुजवून टाकतो."

दुसरी कुणी असती तर तिने बदली मागितली असती. मनाली मात्र रोज वीज जायची वाट बघू लागली. भीती वाटायची हो, खूप वाटायची, पण कुतूहल भीतीपेक्षा हट्टी. आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं, तो आवाज जिथे तुटतो, तिथे तिथे सकाळी आपण फळ्याकडे तोंड केलेलं असतं. भुताला पाठ काय आणि तोंड काय, सारखंच की!

मधल्या सुट्टीत ती खिडकीसमोरच्या कारखान्याच्या माळ्यावर चढली. वर अंधार, कोळिष्टकांना कापसाचं तूस लटकलेलं. शाळेकडच्या जाळीशी कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. तिने हाक मारली, ओ नाही. तिने पाऊल टाकलं, फळी हलली, आणि तो वळला. भूत इतकं देखणं असतं हे तिला जानकीबाईने सांगितलं नव्हतं.

खाली लूम धडधडत होते. तिलाही त्याचे ओठच वाचावे लागले.

"तुम्ही... हितेश?"

"हो. रात्रपाळीला खाली लूम चालवतो. दिवसा इथे... दहावी."

"असं टक लावून काय बघता?"

"नाही बघितलं तर ऐकू कसं येणार, बाई?"

मनाली अशी लाजली की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "बाई काय? तुमच्याच वयाची आहे मी."

"बरं. मनाली," तो म्हणाला, आणि हसला. "बाहेरून दहावीला बसायचंय. पाचवीत सर सारखे फळ्याशी बोलायचे, मला काही दिसायचंच नाही. तुम्ही पोरांकडे बघून शिकवता."

"आणि दुपारी मोठ्याने सगळं म्हणता ते?"

"मोठ्याने?" तो दचकला. "मला वाटायचं, मनात म्हणतोय."

ती हसत सुटली, आणि मग तिला विटांची आठवण झाली. तिने सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझी शाळा पुन्हा गेली."

"वर्गात येऊन बसा ना."

"त्या दारातून एकदा बाहेर काढलंय मला. पुन्हा तिथे उभा राहणार नाही."

त्या दिवसापासून मनाली आधी फळ्यावर लिहायची, मग वळून बोलायची. बोलता बोलता नजर जाळीकडे जायची. दुपारचा आवाज आता कुठेच तुटेना.

मोठ्या सरांना तिने सगळं खरं सांगितलं. "बहिऱ्यांची शाळा असते ठाण्याला," ते म्हणाले.

"रोजचं बसभाडं त्याच्या घरी परवडलं नाही, सर. म्हणून तो लूमवर गेला."

"तुमची नोकरी अजून कच्ची आहे, हे विसरू नका."

शुक्रवारी शेवटच्या तासाला दामू गवंडी आलाच. मोठे सर जातीने उभे. वीट चढत गेली, उजेड कमी होत गेला. शेवटची फट उरली तेव्हा ती खिडकीशी गेली आणि लूमच्या खडखडाटात तिने, आवाज न करता, जाळीकडे बघून ओठ हलवले. जाळीमागची सावली उठली आणि नाहीशी झाली. दामूने वीट बसवली.

आणि वीज गेली.

सगळी नारपोली गप्प. वर्गही गप्प. मग तो सपाट आवाज आला, पण या वेळी माळ्यावरून नाही. गल्लीतून. मग जिन्यातून. मग व्हरांड्यातून, जवळ, आणखी जवळ...

"खिडकी गेली. आता दाराने या. ...मला तुम्ही आवडता. दाराने या. मला तुम्ही आवडता..."

दामूच्या हातातली थापी खाली पडली. जानकीबाईने डोळे मिटून हात जोडले. मनालीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दारात हितेश उभा होता. केसांत कापूस, हातात भूमितीचं पुस्तक.

"मी आत येऊ का, बाई?"

मोठ्या सरांनी त्याला ओळखलं. पाचवीतलं ते पोर, तेच मोठे डोळे. त्यांनी घाईने तोंड फिरवलं आणि नव्या भिंतीकडे बघत ते काहीतरी पुटपुटले.

"सर," मनाली म्हणाली, "त्याच्याकडे बघून बोला. नाहीतर त्याला कळणार नाही."

मग मोठे सर हळूहळू वळले. त्यांनी शब्द नीट, सावकाश उच्चारला.

"ये."

हितेश खाली मान घालून शेवटच्या बाकाकडे निघाला. मनालीने वाटेतच त्याची बाही धरली. तो वळून तिच्या ओठांकडे बघू लागला.

"तिथे नाही," ती म्हणाली. "पुढे. जिथून मी दिसते, तिथे."