इळा

मी तेव्हा एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायचे. मुलींच्या नावांचा एक कोश छापायला घेतला होता. तो लिहिणारे मास्तर महिन्यापूर्वी वारले आणि ‘इ’ची कार्डं त्यांच्या घरीच राहिली. ती आणायला गेले. भर दुपार होती. भ्यावं असं काही नव्हतं.

मास्तरांच्या बायकोनं दार उघडलं. “आतल्या खोलीत आहे सगळं. फक्त मनातल्या मनात वाचा हं.”

“का हो काकू?”

“यांना सवय होती, नाव मोठ्यानं म्हणून बघायची. कानाला कसं लागतं ते कळल्याशिवाय अर्थ लिहू नये म्हणायचे.” त्या थांबल्या. “मला नाही आवडायचं ते.”

खोलीत डांबरगोळ्यांचा आणि जुन्या कागदाचा वास कोंडला होता. ‘इ’चा खण ओढला. इंदिरा, इंदू, इरा... मग ते कार्ड आलं.

‘इळा. धरणी, वाणी. जुनं रूप इडा. ड जाऊन ळ आला, पुढे ळ जाऊन ल. आज इला हेच जास्त चालतं.’

पुढचं मला दिसेना.

सात वर्षांपूर्वी मला मुलगी झाली होती. अकरा दिवस जगली. ते अकराही दिवस आम्ही नवरा-बायको नावावरून भांडलो. ह्यांना इला हवं होतं, मला इळा. “ळवर जीभ अडखळते,” हे म्हणायचे. “अडखळू दे. थांबून तरी म्हणतील,” मी म्हणायचे. दाखल्यावर नावाची जागा कोरीच राहिली. बाळ, छकुली, सोनी... सगळ्यांच्या पोरींना म्हणतात तेच. तिची अशी हाक तिला कुणी मारलीच नाही.

माझ्या तोंडून गेलं, “इळा.”

“ओ.”

अंगणातून आली. खेळात रमलेलं पोर देतं तशी, जरा कुरकुरत. शेजारची कुणी असेल, म्हटलं. मी कार्डावरची दुसरी रूपं म्हणून बघितली. “इला.” काही नाही. “इडा.” काही नाही.

“इळा...”

“ओ...” आता व्हरांड्यातून.

काकू दारात उभ्या होत्या. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. “कितीदा म्हटलंत?”

“दोनदा.”

“बास. ओ आली की हे लगेच खण लावून टाकायचे. तिसऱ्यांदा नाव घेतलं नाही कधी.”

“पण ओ कुणाची ही?”

“ज्याला कधी कुणी हाक मारली नाही त्याची, असं म्हणायचे. मला काय कळतंय... तुम्ही निघा बाई.”

निघायला हवं होतं. कुणीही शहाणं माणूस निघालं असतं. पण तो आवाज सात वर्षांच्या मुलीचा होता हो. पुढचे दात पडलेल्या तोंडातून येतो तसा, फटीतून वारा सुटणारा. मी तिचं अकरा दिवसांचं रडणं तेवढं ऐकलं होतं.

काकूंनी माझा हात धरला. मी तो सोडवला आणि हाक मारली. कार्ड वाचावं तशी नाही, जेवायला बोलवावं तशी.

“इळाऽऽ, चल गं, उशीर झाला!”

ओ आली नाही. पडदासुद्धा हलला नाही. किती वेळ उभी होते कोण जाणे. काकू भिंतीला टेकून, डोळे मिटून होत्या. शेवटी मी कार्डं पिशवीत भरली आणि बस स्टॉपपर्यंत रडत गेले.

बस खच्चून भरलेली, तरी मला खिडकीची जागा मिळाली. शेजारी मात्र कुणी बसेना. दोन स्टॉप गेले. लोक दांड्याला लोंबकळत होते, पण ती जागा रिकामीच. कंडक्टर वाट काढत आला आणि वैतागला.

“ताई, पोरीला मांडीवर घ्या की. माणसं उभी आहेत.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

“मोठी आहे हो ती...” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

“मावेल. सरक गं बाळ.”

मी पिशवी पायाशी ठेवली आणि मांडी मोकळी केली. एक म्हातारे गृहस्थ शेजारी टेकले. पाऊण तास मी जागची हलले नाही. आमच्या स्टॉपवर उठायला गेले, तर दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या.