जाणत्या कापडावरचा हळदीचा डाग

इचलकरंजीच्या माणसाच्या हाती कापड दिलं, की तो आधी ते दोन बोटांत चोळून बघणार आणि मग भाव विचारणार. उज्ज्वला मुरदंडेनं मात्र लेकीचं कापड पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा भाव विचारला नाही. नुसतं गालाला लावलं आणि म्हणाली, "आपल्याच मागावरचं आहे. कळतंय."

ते घरच्या मागावरच विणलेलं होतं. फक्त त्यातला धागा ऋजुतानं, म्हणजे तिच्या लेकीनं, प्रयोगशाळेत तयार केला होता. 'जाणता धागा' हे नावही तिचंच. दिसायला साधं, मोतिया रंगाचं, ताणलं जाणारं ब्लाउज. अंगात घातलं की त्यातले धागे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडायचे आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपायचे. मऊ भागातून प्रतिध्वनी एका तऱ्हेनं येतो, घट्ट गाठीवरून दुसऱ्या. दोनेक तास ब्लाउज अंगावर राहिलं, की निष्कर्ष कोल्हापूरच्या कर्करोग केंद्रात डॉ. तांबोळींच्या पडद्यावर. हाताला लागायच्या कितीतरी आधी स्तनातली गाठ कळावी, एवढंच त्या कापडाचं काम. गाठ साधी की कर्करोगाची, हे पुढच्या तपासण्या ठरवायच्या.

चाचणीसाठी गावातल्या काही बायकांना अशी ब्लाउजं दिली होती. पहिलं उज्ज्वलाला मिळालं, आणि शुक्रवारी सकाळी, आदल्या संध्याकाळच्या नोंदीवरून, तिच्याच नावावर इशारा आला: डाव्या बाजूला गाठ.

ऋजुतानं आईला घेऊन तडक कोल्हापूर गाठलं. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. डॉ. तांबोळींनी स्वतः दोन्ही चित्रं पुन्हा तपासली आणि चष्मा काढून म्हणाल्या, "आई ठणठणीत आहेत. काही म्हणता काही नाही."

ऋजुताला आनंदानं रडू आलं. मग तिला दुसरंच काही आठवलं. कापड याआधीही चुकलं होतं. आता आणखी एक चूक म्हणजे तज्ज्ञांची समिती प्रयोग गुंडाळणार, हे तिला डॉ. तांबोळींच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

घरी आल्यावर उज्ज्वलानं चहा टाकला. ऋजुता ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, गुरुवारी संध्याकाळी ते कापड ओलं झालं होतं का? गॅसपाशी होतीस का?"

"गुरुवारी मी कुठं घातलं होतं?" उज्ज्वला कपात साखर घालत म्हणाली. "गुरुवारी ते सारिकाकडं होतं. तिच्या लेकाच्या हळदीला."

"सारिकाकाकूकडं? तिनं घातलं होतं?"

"मग काय पूजेत मांडलं होतं? लेकीनं एवढं केलेलं, मी एकटीनंच अंगात घालून मिरवू होय? निम्म्या गल्लीनं घातलंय. ताणलं की सगळ्यांना बसतंय."

ब्लाउजच्या आत बारीक अक्षरांत सूचना होती: एकाच व्यक्तीनं वापरावं. ऋजुतानं स्वतःच लिहिली होती ती. जन्म या गावात काढून, चांगला कपडा इथं घराघरातून फिरतो हे तिला सुचू नये, याचं तिला हसू यायला लागलं होतं. पण ते ओठांवरच राहिलं. कापड चुकलं नसेल, तर गाठ सारिकाकाकूला होती.

"मी जाते तिच्याकडं," ती म्हणाली.

"तू नको. मी तिला बोललेय, मलाच गेलं पाहिजे."

सारिका म्हणजे उज्ज्वलाची धाकटी जाऊ, तीन घरं सोडून राहणारी. शुक्रवारी पहाटेच तिनं ब्लाउज परत आणून दिलं होतं, बाहीवर हळदीचा हा एवढा डाग घेऊन. उज्ज्वलाचं डोकं फिरलं. "माझ्या लेकीच्या कष्टाची तुला किंमत नाही," असं ती दारातच, लग्नाला आलेल्या पाहुण्यांच्या देखत बोलून गेली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

सारिकानं दार उघडलं आणि तोंड फिरवलं. "आता काय, धुवायचा साबण मागायला आलीस?"

"डाग राहू दे. चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय."

उज्ज्वलानं सगळं सांगितलं. सारिका दाराची चौकट धरून ऐकत राहिली.

"मला काय धाड भरलीय? दुखत नाही, खुपत नाही."

"सुरुवातीला दुखतच नाही, ऋजा म्हणते. म्हणून तर बायका उशिरा जातात." उज्ज्वलानं तिचा हात धरला. "मी तुला नको ते बोलले, चुकलं माझं. पण तू आल्याशिवाय मी हलणार नाही." आणि ती खरंच पायरीवर बसली. लग्न दोन दिवसांवर आलेलं, अशा भरल्या लग्नघरात जाऊ पायरीवर बसलेली बरी दिसेना, म्हणून सारिका निघाली.

डॉ. तांबोळींनी शांतपणे विचारलं. त्वचेला खळी पडलीय? स्तनाग्र आत ओढलंय, त्यातून काही येतं? काखेत गाठ? सगळ्याला नाही. घरात कुणाला? "मावशी गेली यानंच," सारिका म्हणाली. "तपासणीची गाडी दारात आली होती ताई, पण लग्नाची गडबड होती."

चित्रात गाठ दिसली, शेंगदाण्याहून लहान, कापडानं सांगितली होती तिथंच. सुईनं तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला; काही दिवसांनी अहवाल आला. कर्करोग होता, पण काखेपर्यंत पोचला नव्हता. तेवढी गाठ काढून पुढं किरणोपचार दिले की बरं होण्याची चांगली आशा आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. त्या संध्याकाळी उज्ज्वला गल्लीत प्रत्येक दारात थांबून सांगत होती, "माझ्या लेकीचं कापड बरोबर होतं." सांगताना तिला रडूही येत होतं.

शस्त्रक्रियेनंतर सारिका घरी आली. ब्लाउज तिच्या उशाशी होतं. भेटायला येणारीला ती आधी बाहीवरचा डाग दाखवायची आणि मग म्हणायची, "आमच्या ऋजाचं काम आहे."

ऋजुतानं समितीचा निर्णय सांगितला. प्रयोग चालू राहणार होता. मात्र ज्या बाईचं कापड, तिच्याच हृदयाचे ठोके ओळखून ते चालू व्हावं, म्हणजे असा घोळ पुन्हा होणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

"चोळीला कुलूप घालणार?" उज्ज्वलानं विचारलं.

"नियम बरोबर आहे, आई. एकीचा निष्कर्ष दुसरीच्या नावावर जायला नको."

सारिका उशीला टेकून बसली होती. तिनं ब्लाउज मांडीवर घेतलं आणि डागावरून बोट फिरवलं.

"ऋजा," ती म्हणाली, "तुझ्या आईनं तो नियम पाळला असता, तर ग?"